वाणांत फरक आहे की जमिनीत? ॲनोव्हाची सरळ ओळख

राहुरी, अकोला, परभणी, दापोली, कुठल्याही कृषी विद्यापीठातला एम.एस्सी.चा प्रबंध उघडा. उत्पादनाच्या तक्त्याच्या तळाशी दोन ओळी सापडणारच: ‘एस.ई. ±’ (स्टँडर्ड एरर, म्हणजे सरासरी किती हलू शकते त्याचं माप) आणि ‘सी.डी. ५ टक्के’ (हिचा अर्थ पुढे येईल). कधी सी.डी.च्या जागी नुसतंच ‘एनएस’, म्हणजे ‘नॉन-सिग्निफिकंट’, असतं. वर वीस-पंचवीस आकडे असले तरी तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर बोट ठेवतात ते याच ओळींवर, आणि तिथेच भल्याभल्यांची बोलती बंद होते. आकडे सॉफ्टवेअरने काढून दिलेले असतात. ते आले कुठून, हे कुणी विचारेल असं कुणाला वाटलेलंच नसतं.

या ओळींमागे ॲनोव्हा (ॲनालिसिस ऑफ व्हेरियन्स) नावाची पद्धत आहे. तीन किंवा जास्त गटांच्या सरासऱ्या एकमेकींपासून खरोखर वेगळ्या आहेत का, हे ती तपासते. गट ज्वारीच्या वाणांचे असोत, रक्तदाबाच्या औषधांचे असोत की शिकवण्याच्या पद्धतींचे, हिशेब तोच. पण ही पद्धत शेतात वाढली आणि शेताच्याच उदाहरणाने ती सगळ्यात नीट कळते, म्हणून आपणही शेतातच थांबू.

समजा, रब्बी ज्वारीचे अ, ब आणि क असे तीन वाण आहेत. प्रत्येक वाण तीन-तीन प्लॉटमध्ये पेरला, म्हणजे एकूण नऊ प्लॉट. कापणी-मळणी झाली, वजनं झाली. हेक्टरी क्विंटलमध्ये सरासऱ्या आल्या: अ १२, ब १५, क १८. (हे आकडे हिशेब कागदावर चटकन करता यावा म्हणून बनवलेले आहेत, एका खऱ्या प्रयोगाचे आकडे पुढे येतील.) मग क वाण सरस ठरला का?

‘हो’ म्हणायला काही जात नाही. पण असं समजा की नऊच्या नऊ प्लॉटमध्ये एकच वाण पेरला होता आणि कापणीनंतर चिठ्ठ्या टाकून त्यांचे तीन-तीनचे गट पाडले. तिन्ही गटांच्या सरासऱ्या तंतोतंत सारख्या येतील? छे. एका प्लॉटमध्ये मुरूम वर आलेला, दुसऱ्यात बांधाकडून ओल झिरपलेली, तिसऱ्यात पाखरांनी कणसं जास्त टिपलेली. वाण एकच असला तरी सरासऱ्या मागेपुढे होणारच. म्हणजे आपल्याला विचारायचं आहे ते असं: दिसतोय तो फरक, वाणांत काहीच फरक नसतानाही जेवढा पडला असता त्याहून मोठा आहे का? आणि काही फरक नसताना किती पडतो, हे कळायची सोय आपल्या हातात आहेच. एकाच वाणाचे जे तीन प्लॉट आहेत, त्यांच्या आपसातल्या फरकाला वाण जबाबदार असूच शकत नाही. तो निव्वळ जमिनीचा, ओलीचा, पाखरांचा, वजनकाट्याचा फरक. हीच आपली मोजपट्टी.

आता दोन शेतं डोळ्यांसमोर आणा. पहिल्या शेतात प्लॉटनिहाय उत्पादन असं आलं:

अ: १०, १२, १४
ब: १३, १५, १७
क: १६, १८, २०

दुसऱ्या शेतात असं:

अ: ७, ११, १८
ब: ८, १७, २०
क: १२, १७, २५

सरासऱ्या दोन्हीकडे त्याच: १२, १५, १८. पण पहिल्या शेतात एकाच वाणाचे प्लॉट एकमेकांना धरून आहेत. दुसऱ्या शेतात अ वाणाचा एक प्लॉट १८ देतो आणि ज्याला आपण सरस म्हणायला निघालो त्या क वाणाचा एक प्लॉट १२ वर अडकतो. नुसत्या सरासऱ्यांचा तक्ता छापला तर ही दोन शेतं वेगळी ओळखूच येणार नाहीत. सरासरी हा आकडा तसा लबाडच.

हिशेब करू. प्रत्येक प्लॉटचा आकडा त्याच्या स्वतःच्या वाणाच्या सरासरीपासून किती लांब आहे ते काढायचं, त्याचा वर्ग करायचा आणि सगळे वर्ग मिळवायचे. पहिल्या शेतात अ वाणासाठी −२, ०, +२. वर्गांची बेरीज ८. ब आणि क यांचंही तेच, म्हणून एकूण २४. ही झाली वाणांच्या आतली वर्गबेरीज. आता वाणांमधली: सगळ्या नऊ प्लॉटांची सरासरी १५. वाणांच्या सरासऱ्या तिच्यापासून −३, ०, +३ इतक्या दूर. वर्ग ९, ०, ९. प्रत्येक वाणाचे तीन प्लॉट आहेत, म्हणून १८ ला ३ ने गुणायचं: ५४.

५४ आणि २४ यांची थेट तुलना करता येत नाही, कारण त्या वेगवेगळ्या संख्येच्या मोकळ्या आकड्यांवरून आल्या आहेत. तीन सरासऱ्यांचे एकूण सरासरीपासूनचे फरक मिळून शून्य व्हावे लागतात. दोन कळले की तिसरा आपोआप ठरतो. म्हणून तिथे मोकळे आकडे दोनच. तसंच प्रत्येक वाणाच्या आत तीनपैकी दोन मोकळे, तीन वाणांचे मिळून सहा. पुस्तकात याला स्वातंत्र्य कोटी असं भारदस्त नाव आहे, वर्गात मात्र सगळे ‘डीएफ’च म्हणतात. भागाकार केला: ५४ भागिले २ म्हणजे २७, आणि २४ भागिले ६ म्हणजे ४. या दोघांचं गुणोत्तर ६.७५. हाच तो एफ.

दुसऱ्या शेतात वरचा २७ तसाच राहतो, कारण सरासऱ्या त्याच आहेत. आतली वर्गबेरीज मात्र ६२, ७८ आणि ८६ मिळून २२६ होते. भागिले ६ केल्यावर ३७.६७. एफ आला ०.७२.

एका शेतात ६.७५, दुसऱ्यात ०.७२. एफ किती मोठा असला म्हणजे पुरे, हे समजायला त्या २७ कडे जरा नीट पाहावं लागतं, कारण बहुतेक पुस्तकं इथे सूत्र देऊन पुढे सटकतात. तीन सरासऱ्या १२, १५, १८ यांचा व्हेरियन्स, म्हणजे वर्गबेरीज भागिले डीएफ हे विखुरण्याचं माप, काढा: ९ येतो. आता, तीन प्लॉटांची सरासरी एकट्या प्लॉटपेक्षा कमी हलते. तिचा व्हेरियन्स एका प्लॉटच्या व्हेरियन्सच्या एक तृतीयांश असतो. म्हणजे वाणांत काहीच फरक नसेल, तर सरासऱ्यांच्या व्हेरियन्सला ३ ने गुणलं की एका प्लॉटचा व्हेरियन्स परत मिळायला हवा. ९ गुणिले ३, म्हणजे आपलाच २७. खालचा ४ हासुद्धा एका प्लॉटच्या व्हेरियन्सचाच अंदाज, पण वाणांच्या आतून काढलेला. एकाच गोष्टीचे दोन वाटांनी काढलेले दोन अंदाज. वाण सारखे असतील तर दोन्ही साधारण जुळतील आणि एफ १ च्या आसपास घुटमळेल. वाणांत खरा फरक असेल तर वरच्या अंदाजात तो फरक मिसळून तो फुगेल, खालचा जागेवर राहील, आणि एफ वर चढेल.

किती वर चढला म्हणजे मानायचं, त्याचे तक्ते आहेत. वर २ आणि खाली ६ मोकळे आकडे असताना ५ टक्क्यांची रेषा ५.१४ वर आहे. वाण अगदी सारखे असले तरी निव्वळ योगायोगाने एफ या रेषेपुढे जाण्याची शक्यता शंभरात पाच. पहिल्या शेताचा ६.७५ रेषा ओलांडतो. त्याची नेमकी पी किंमत, म्हणजे निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा एफ येण्याची शक्यता, ०.०२९. दुसऱ्या शेताची ०.५३, म्हणजे वाणांत काही फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक निम्म्याहून अधिक वेळा दिसला असता. तिथे प्रबंधात ‘एनएस’ पडतं.

इथे एक शंका हमखास निघते. दोन-दोन वाणांची टी-टेस्ट, म्हणजे दोनच सरासऱ्यांची तुलना करणारी कसोटी, करून भागत नाही का? अ विरुद्ध ब, ब विरुद्ध क, अ विरुद्ध क. तीन वाण असताना तीनच तुलना होतात, त्यामुळे चालून जाईलसं वाटतं. पण पाच वाण घेतले की दहा जोड्या, दहा वाण घेतले की पंचेचाळीस. प्रत्येक तुलनेत फसगतीची शक्यता ५ टक्के. दहा तुलना एकमेकींपासून स्वतंत्र असत्या, तर त्यांतली निदान एक तरी फसवी निघण्याची शक्यता ४० टक्क्यांवर गेली असती. प्रत्यक्षात त्या स्वतंत्र नसतात, तेच वाण पुन्हा पुन्हा येतात, म्हणून आकडा याहून कमी भरतो. तरी ५ च्या कितीतरी पुढेच. भरपूर जोड्या तपासल्या की कुठेतरी काहीतरी ‘सापडतंच’. ॲनोव्हा आधी सगळ्यांना मिळून एकच प्रश्न विचारतो: या गर्दीत कुठेही फरक आहे का?

बटाट्याच्या सऱ्या आणि रोथॅमस्टेड

ही पद्धत घडवली रोनाल्ड फिशर यांनी. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर परगण्यात हार्पेंडन नावाचं गाव आहे. तिथलं रोथॅमस्टेड हे शेती संशोधन केंद्र १८४३ पासून चालू आहे. जॉन बेनेट लॉज या खत कारखानदाराने ते सुरू केलं आणि तिथल्या ब्रॉडबॉक नावाच्या शेतात तेव्हापासून गव्हावर खतांचे प्रयोग चालू आहेत. १९१९ मध्ये फिशर तिथे रुजू झाले, तेव्हा त्यांच्यापुढे सत्तरहून अधिक वर्षांच्या उत्पादनाच्या नोंदी होत्या. वर्षावर्षांत फरक, प्लॉटाप्लॉटांत फरक, खताखतांत फरक, सगळं एकात एक गुंतलेलं. त्या गुंत्यातून कशाचा वाटा किती, हे वेगळं काढायची गरज तिथूनच आली.

१९२३ मध्ये फिशर आणि विनिफ्रेड मॅकेन्झी यांनी बटाट्यावरचा एक निबंध छापला. १२ जातींचे बटाटे, काहींना शेणखत, काहींना नाही, वर पोटॅशचे प्रकार. जातीनुसार खताचा परिणाम बदलतो का, हा प्रश्न. ॲनोव्हाचा तक्ता छापून आला तो याच निबंधात. गंमत म्हणजे त्या पहिल्याच हिशेबात एक उणीव राहिली होती: शेणखत शेताच्या मोठ्या तुकड्यांवर पडलं होतं आणि पोटॅश छोट्या सऱ्यांवर, पण दोन्हीला एकच मोजपट्टी लावली गेली. १९२५ मध्ये आलेल्या पुस्तकात फिशर यांनी तीच माहिती पुन्हा घेऊन मोठ्या तुकड्यांची आणि छोट्या सऱ्यांची मोजपट्टी वेगळी केली. आजचे विद्यार्थी ज्याला ‘स्प्लिट प्लॉट’ म्हणून घाबरतात, त्याचं मूळ हे. एफ हे अक्षर मात्र फिशर यांनी दिलेलं नाही. ते या गुणोत्तराच्या लॉगरिदमचा निम्मा भाग वापरत; १९३४ मध्ये अमेरिकेत आयोवाच्या जॉर्ज स्नेडेकॉर यांनी सरळ गुणोत्तराचे तक्ते केले आणि फिशर यांच्या मानार्थ त्याला एफ म्हटलं.

भारतातल्या शेतकी महाविद्यालयांत हे सगळं मुरलं ते मुख्यतः दोन मराठी माणसांच्या पुस्तकामुळे. वि. गो. पानसे इंदूरच्या संस्थेत कापसावर काम केलेले, आणि पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्र शिकून आलेले. शेतीसंशोधकांसाठी संख्याशास्त्रीय पद्धती सांगणारं त्यांचं पुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ मध्ये काढलं. आजही प्रबंधाच्या ‘साहित्य व पद्धती’ या प्रकरणात ‘पानसे व सुखात्मे यांच्या पद्धतीनुसार विश्लेषण केले’ हे वाक्य असतंच. किती जणांनी ते पुस्तक उघडलेलं असतं, तो भाग वेगळा.

दुसरं शेत वाया गेलं का?

आता त्या दुसऱ्या शेताकडे परत जाऊ, जिथे एफ ०.७२ आला. त्या शेताबद्दल एक गोष्ट मी सांगितली नव्हती. शेत उताराचं आहे. वरच्या अंगाला हलकी मुरमाड जमीन, मधे मध्यम, खाली ओढ्याकडे भारी काळी. आणि प्रत्येक वाणाचा पहिला आकडा वरच्या पट्ट्यातला, दुसरा मधल्या, तिसरा खालच्या पट्ट्यातला आहे. प्रत्येक पट्ट्यात तिन्ही वाण, पट्ट्याच्या आत कुठला वाण कुठल्या प्लॉटमध्ये हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं. आता तेच आकडे उभे वाचा:

हलकी: अ ७, ब ८, क १२
मध्यम: अ ११, ब १७, क १७
भारी: अ १८, ब २०, क २५

चित्र एकदम पालटलं. एकाही पट्ट्यात अ पुढे नाही आणि एकाही पट्ट्यात क मागे नाही. आधी जो गोंधळ दिसत होता तो बहुतेक जमिनीच्या खोलीचा होता. पट्ट्यांच्या सरासऱ्या ९, १५, २१. एकूण सरासरीपासून −६, ०, +६. वर्गांची बेरीज ७२, गुणिले ३ म्हणजे २१६. वाणांच्या आतली जी २२६ होती, तिच्यातले २१६ एकट्या जमिनीच्या नावावर जमा झाले. उरले फक्त १०. मोकळ्या आकड्यांतलेही दोन पट्ट्यांना गेले, चार उरले. १० भागिले ४ म्हणजे २.५. आणि एफ? २७ भागिले २.५, म्हणजे १०.८. आता रेषा ६.९४ वर आहे, तरी तो ती आरामात ओलांडतो. शेत तेच, प्लॉट तेच, आकडे तेच, ०.७२ चा १०.८ झाला.

याला म्हणतात आरबीडी (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन), आणि पट्ट्यांना ‘रेप्लिकेशन’ किंवा ‘ब्लॉक’. माझ्या मते ॲनोव्हा शिकताना सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे, कारण एफ मोठा करायचे प्रामाणिक मार्ग दोनच आहेत: प्लॉट वाढवा, नाहीतर गोंधळाचं कारण ओळखून त्याला वेगळ्या खात्यावर टाका. पहिल्याला पैसा लागतो, दुसऱ्याला शेत पायी फिरून बघावं लागतं. ब्लॉक उताराला आडवे घ्यायचे, म्हणजे एका ब्लॉकमधली जमीन शक्य तितकी एकसारखी राहते. ब्लॉक उताराच्या दिशेने उभे घेतले की प्रत्येक ब्लॉकमध्ये हलकी-भारी दोन्ही येते आणि सगळी मेहनत पाण्यात. मात्र हे खातं पेरणीआधी उघडलेलं असावं लागतं. कापणीनंतर आकडे बघून ‘हे प्लॉट मला सारखे वाटतात, यांचा ब्लॉक करू’ असं केलं, तर हवा तो एफ काढता येईल; फक्त त्याला अर्थ उरणार नाही. चिठ्ठ्यांचंही तसंच. अ वाण दर वेळी बांधालगतच पडत राहिला तर बांधाची सावली आणि अ चा कमकुवतपणा कुठल्याच सूत्राला वेगळा करता येत नाही.

एफने रेषा ओलांडली म्हणजे कळलं काय? कुठेतरी फरक आहे, एवढंच. कोणता वाण कुणापेक्षा सरस, याबद्दल एफ मुका आहे. तिथे सी.डी. येते, म्हणजे क्रिटिकल डिफरन्स: दोन सरासऱ्यांत निदान एवढं अंतर हवं, तरच त्यांना वेगळं म्हणा. आपल्या शेतासाठी: २.५ ची दुप्पट भागिले ३, त्याचं वर्गमूळ १.२९, त्याला चार डीएफच्या टी किमतीने, २.७७६ ने, गुणलं की ३.५८. आता अ आणि क मधलं अंतर ६, सी.डी.पेक्षा जास्त. पण अ-ब ३ आणि ब-क ३, दोन्ही कमी. म्हणजे अ आणि ब ‘ॲट पार’, ब आणि क ‘ॲट पार’, पण अ आणि क वेगळे! विद्यार्थी इथे चक्रावतात, आणि त्यांचं चुकत नाही; शाळेत अ = ब, ब = क तर अ = क असंच शिकवलेलं असतं. पण ‘ॲट पार’ म्हणजे बरोबर नव्हे. या प्रयोगात या दोघांना वेगळं सिद्ध करण्याइतका पुरावा जमला नाही, एवढाच त्याचा अर्थ. ब मधेच कुठेतरी आहे आणि नऊ प्लॉटांच्या बळावर त्याला कुठल्याही बाजूला ढकलता येत नाही. ‘एनएस’चंही तेच. ‘एनएस आलं, म्हणजे खतांत फरक नाही’ असं लिहिणारे प्रबंध कमी नाहीत. प्लॉट कमी आणि गोंधळ जास्त असेल तर खरा फरकसुद्धा ‘एनएस’मध्ये गडप होतो.

वाण पाच-सहाहून जास्त झाले की सी.डी. सैल पडू लागते, कारण जोड्यांची तीच जुनी अडचण मागच्या दाराने परत येते. तेव्हा टुकीची कसोटी बरी. जॉन टुकी यांची ही पद्धत सगळ्या जोड्यांचा मिळून धोका ५ टक्क्यांत ठेवते.

एका खऱ्या प्रयोगाचे आकडे

आर हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर टाकलं की त्याच्यासोबत ‘प्लांटग्रोथ’ नावाची छोटी माहिती आपोआप येते. तीस रोपं, दहा-दहाचे तीन गट: एक कंट्रोल आणि दोन वेगवेगळ्या ट्रीटमेंट. रोपं वाळवून वजन केलेलं. सरासऱ्या अशा: कंट्रोल ५.०३२, पहिली ट्रीटमेंट ४.६६१, दुसरी ५.५२६.

गटांमधली वर्गबेरीज ३.७६६, डीएफ २. गटांच्या आतली १०.४९२, डीएफ २७. भागाकार करून १.८८३ आणि ०.३८९. एफ ४.८५, पी किंमत ०.०१६. म्हणजे फरक आहे. आता अहवाल लिहायला बसलेला माणूस सहज लिहून जाईल की ‘ट्रीटमेंटचा परिणाम लक्षणीय आढळला’. थांबा. टुकीची कसोटी लावली की दोन सरासऱ्यांत निदान ०.६९ अंतर हवं असं निघतं. दुसरी ट्रीटमेंट आणि कंट्रोल यांच्यात ०.४९. कंट्रोल आणि पहिली ट्रीटमेंट यांच्यात ०.३७. दोन्ही कमी पडतात. फक्त दोन ट्रीटमेंटमधलं आपसातलं अंतर ०.८७ आहे, तेवढंच रेषेपुढे जातं. सैल सी.डी. लावली तरी ती ०.५७ येते आणि निकाल बदलत नाही. सारांश असा की काहीच न केलेल्या रोपांपेक्षा यांतली एकही ट्रीटमेंट वेगळी ठरत नाही. एक जरा खाली, एक जरा वर, आणि ती दोघं एकमेकींपासून लांब. एफच्या शेजारचा तारा (एफने रेषा ओलांडल्याची खूण) बघून घाईने वाक्य लिहिणाऱ्यांसाठी ही माहिती औषध आहे. आणखी एक आकडा बघण्यासारखा: एकूण वर्गबेरीज १४.२६, त्यातली गटांच्या नावावर ३.७७, म्हणजे साधारण २६ टक्के. उरलेलं पाऊण विखुरणं एकाच गटातल्या रोपारोपांतलं. पी किंमत लहान असली म्हणून परिणाम मोठा असतो असं नाही.

मोजपट्टी कुठे बिघडते

या हिशेबाच्या काही अटी आहेत. प्रत्येक गटातलं विखुरणं साधारण सारखं हवं, आणि सरासरीपासूनचे फरक घंटेच्या आकाराच्या वक्राला फार सोडून नसावेत. गटांत प्लॉट सारख्या संख्येने असले तर या दोन अटी थोड्या ढिल्या झाल्या तरी ॲनोव्हा निभावून नेतो. पानावर किती मावा-तुडतुडे, असे मोजणीचे आकडे असतील तर जिथे किडी जास्त तिथे विखुरणंही जास्त. म्हणून कीटकशास्त्रातले लोक आकड्यात ०.५ मिळवून वर्गमूळ घेतात आणि मग विश्लेषण करतात. उगवणीच्या टक्केवारीसाठी आर्क साइन रूपांतर करण्याची प्रथा आहे. विखुरणं फारच असमान असेल तर वेल्श यांची सुधारित पद्धत आहे, आणि आकड्यांऐवजी नुसते क्रम वापरायचे असतील तर क्रुस्कल-वॅलिस कसोटी.

तिसरी अट मात्र मोडली की कुठलाच उपाय चालत नाही: आकडे एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. समजा, प्रत्येक वाणाचा एकच प्लॉट आहे आणि त्यातली दहा-दहा ताटं उपटून वजन केलं. हातात तीस आकडे आले, सॉफ्टवेअर तक्रार करणार नाही, एफही झकास येईल. पण ती दहा ताटं एकाच मातीत, एकाच पाण्यावर, एकाच बांधाच्या सावलीत वाढली आहेत. वाणाची ट्रीटमेंट प्लॉटला मिळाली, ताटाला नाही; म्हणून रेप्लिकेशन एक, दहा नव्हेत. शाळेत एका वर्गाला नवी पद्धत आणि दुसऱ्याला जुनी, मग ६०-६० मुलांचे गुण घेऊन ॲनोव्हा, हा त्याच चुकीचा शहरी अवतार: तिथे शिक्षक आणि पद्धत वेगळे काढायला जागाच ठेवलेली नसते. आमच्याकडे विद्यार्थी आकडे घेऊन येतो तेव्हा मी आधी एक्सेल बघत नाही, शेताचा नकाशा मागतो. कुठला प्लॉट कुठे, चिठ्ठ्या कधी टाकल्या, कडेच्या ओळी सोडून निव्वळ प्लॉटचं वजन घेतलं की सरसकट. नकाशा नसेल तर पुढचा हिशेब करायचा तरी कशावर?

राहिली एक गोष्ट, जी आपल्या बनवलेल्या शेतात मी मुद्दाम सोपी ठेवली होती. तिथे क वाण हलक्या जमिनीतही अ च्या पुढे होता आणि भारीतही. खऱ्या शेतात असं नेहमी होत नाही. एखादा वाण हलक्या जमिनीत पहिला आणि भारी काळीत शेवटचा असू शकतो. दोन घटकांचा ॲनोव्हा हे तिसऱ्या खात्यावर मांडतो. त्याला इंटरॲक्शन म्हणतात, आणि बटाट्याच्या निबंधातला प्रश्न नेमका तोच होता. तो एफ रेषेपुढे गेला की ‘सगळ्यात चांगला वाण कोणता’ याला एक उत्तर देता येत नाही. राहुरीच्या विद्यापीठाची रब्बी ज्वारीची शिफारस म्हणूनच जमिनीच्या खोलीप्रमाणे वेगळी असते: हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. तिन्ही प्रकारच्या जमिनींची सरासरी काढून एकच नाव सांगितलं असतं, तर मुरमाड रानातला शेतकरी आणि काळीतला शेतकरी, दोघांपैकी एकाला तरी त्याची झळ बसली असती.